घरी आलेल्या बाळंतिणीकडं कोण बघणार? सातारा जिल्ह्यातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना आणि गावसमित्यांना खुलं पत्र

प्रति,
आरोग्य खात्याचे अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रांचे डॉक्टर आणि गावोगावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी कराड तालुक्यात राहते. बाळंतिणीला तेल लावणं, शेक देणं, बाळाला न्हाऊ घालणं हे माझं काम. माझी आई दाई होती. सरकारनं तिला शिकवलं होतं आणि साबण, ब्लेड, नाळ बांधायचा दोरा अशी पेटीही दिली होती. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. ते फार चांगलं झालं. आईच्या काळात घरात अडलेल्या आणि अंगावरून जाऊन संपलेल्या बायकांच्या कहाण्या ऐकत मी मोठी झाले आहे, त्यामुळे जुने दिवस परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही. पण दवाखान्यातून बाळंतीण दोन दिवसांत घरी येते आणि पुढचा सव्वा महिना घरातच असते. त्या सव्वा महिन्यात तिचं अंग रोज बघणारी माझ्यासारखीच कोणीतरी असते. म्हणून हे पत्र मी लिहिते आहे.

मध्यंतरी आमच्या भागातल्या एका गावात बैठक झाली. बाळंतपणानंतरच्या काळजीबद्दल आयांना काय माहीत आहे, त्यांना काय वाटतं आणि प्रत्यक्षात त्या काय करतात, याची घरोघर विचारपूस झाली होती. तिचा निष्कर्ष एका अधिकाऱ्यांनी वाचून दाखवला. माहिती अपुरी, समजुती जुन्या, वागणं चुकीचं. पुढचं काय ते तिथंच ठरलं: भिंती रंगवायच्या, शाळेच्या मुलांची प्रभातफेरी काढायची, मातांचं प्रबोधन करायचं. एकाही बाईला त्या बैठकीत बोलायला सांगितलं नाही.

हा निष्कर्ष मला मान्य नाही. का ते सांगते.

ही विचारपूस चालली होती तेव्हा एका घरात मी बाळाला न्हाऊ घालत होते. प्रश्न विचारणारी मुलगी कागद घेऊन बाजेजवळ बसली. बाळंतिणीच्या मांडीवर बाळ पाजायला घेतलेलं, दारात सासू उभी, ओट्यावर शेजारची आजी. मुलीनं विचारलं, "बाळंतपणानंतरची धोक्याची लक्षणं सांगा." बाळंतिणीनं सासूकडं बघितलं, "ताप येणं" एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. मुलीनं कागदावर खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला. त्याच बाळंतिणीनं त्याच सकाळी मी पाठीला तेल लावत असताना मला हळूच सांगितलं होतं, "मावशी, टाक्यातनं पाणी येतंय, वास पण येतोय. आत्यास्नी नका सांगू." तिला सगळं कळत होतं. बोलायची सोय नव्हती. कागदावर मात्र ती अडाणी ठरली. (मी तिच्या नवऱ्याला गाठून तिला दवाखान्यात न्यायला लावलं. टाके पिकले होते. दोन आठवड्यांनी बरी झाली.)

तेव्हा साहेब, मॅडम, तुमच्या कागदावर "माहीत नाही" असं जिथं लिहिलंय, तिथं तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत. एक, तिला खरंच कोणी सांगितलेलं नाही. दोन, तिला माहीत आहे पण बोलता येत नाही. तीन, तिला माहीत आहे, बोलताही येतं, पण तसं वागणं तिच्या हातात नाही. भिंत रंगवून यातलं एकही सुटत नाही.

कोणी सांगितलेलं नाही, याची गोष्ट माझ्या घरातली आहे. माझी थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली होती. एका खाजगी दवाखान्यात बाळंत झाली. साधं बाळंतपण, मुलगी, चांगली पावणेतीन किलोची. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. जावयांच्या हातात बिल, गोळ्यांची पिशवी आणि इंग्रजीतला एक कागद दिला. तोंडी सांगितलं ते एवढंच: आठ दिवसांनी टाके दाखवायला या, बाळाची लस चुकवू नका. पाचवी पुजली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं डोकं दुखायला लागलं. शेजारणी म्हणाल्या, कान उघडे राहिले, वारं लागलं. आम्ही टापर घट्ट बांधली. दुपारी ती म्हणाली, डोळ्यांपुढं काजवे चमकतायत, छातीखाली दुखतंय. तिन्हीसांजेला झटका आला. डोळे फिरले, दातखीळ बसली. कोणी म्हणालं बाहेरचं आहे, अंगारा लावा. १०८ ची गाडी वेळेवर आली आणि पुढच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला वाचवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बीपी काही फक्त पोटुशी असतानाच वाढतं असं नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमाराला ते सगळ्यात वर चढतं, आधी नऊ महिने एकदाही वाढलेलं नसलं तरी. १४० वर ९० च्या पुढं गेलं की लक्ष ठेवायचं. १६० वर ११० झालं की घरी थांबायचंच नाही. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी किंवा काजवे, छातीखाली दुखणं, तोंडावर सूज, ही त्याची लक्षणं.

हे चार वाक्यांत सांगून झालं. घरी सोडताना तेवढी चार वाक्यं बोलायला किती वेळ लागला असता?

माझी पहिली तक्रार ही आहे. घरी सोडतानाची वेळ ही सगळ्यात मोलाची वेळ आहे आणि ती बिलात आणि गाडी शोधण्यात जाते. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण मोफत आहे, घरी सोडायला गाडी मोफत आहे. म्हणजे बाळंतिणीनं निदान ४८ तास तरी तिथं राहावं असं सरकारलाच वाटतं. तरी बायका दुसऱ्या दिवशी निघतात. कुठं खाटा कमी, कुठं संडासाला कडी नाही, कुठं सोबत राहणाऱ्या बाईला टेकायला जागा नाही, आणि घरी दुसरी पोरं, म्हशी वाट बघत असतात. त्यांना "थांबायला हवं होतं" म्हणून दोष देण्याआधी थांबण्यासारखी जागा करा. आणि खाजगी दवाखान्यांनाही हे सांगा, कारण आमच्या भागातल्या कितीतरी पोरी तिथंच बाळंत होतात.

सांगायचंच झालं तर सांगता कोणाला? कागद नवऱ्याच्या हातात, सूचना नवऱ्याला. तो बिचारा चेकनाक्यावर उभा असल्यासारखा मान डोलावत असतो. घरी बाळंतिणीजवळ असणार आई, सासू, मावशी. ती त्या वेळी बाहेर व्हरांड्यात बाळाचे लंगोट वाळत घालत असते. तिला आत बोलवा.

दुसरी तक्रार घरभेटींची. आधी आशाताईंबद्दल स्पष्ट बोलते, कारण या पत्राचा रोख त्यांच्यावर नाही. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. या सगळ्या भेटींचे मिळून त्यांना २५० रुपये मिळतात. आमच्याकडच्या डोंगराकडेच्या वाड्यांवर पावसाळ्यात जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. त्या काटा घेऊन येतात, बाळ झोळीत घालून वजन करतात, ताप बघतात, नाळ बघतात. ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रातली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळं वाचवून दाखवली. १९९९ साली तो अभ्यास जगापुढं आला आणि २०११ मध्ये देशानं ती पद्धत उचलली. त्यातून किती बाळं वाचली असतील!

पण आशाताई घरभेटीला आणतात त्या पिशवीत आईसाठी काय आहे? फॉर्मवर आईचे रकाने आहेत, मी बघितलेत. ताप, घाण वासाचं जाणं, बरळणं किंवा झटके, छातीला गाठ किंवा चिरा. हे रकाने चांगले आहेत. पण बीपीचं यंत्र पिशवीत नाही. झटके आलेत का, हे विचारायची सोय आहे. झटके येण्याआधी कळायची सोय नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं आहे की पहिले २४ तास आई दवाखान्यात असावी आणि त्यानंतर निदान तीनदा तिची तपासणी व्हावी: ४८ ते ७२ तासांत, सातव्या ते चौदाव्या दिवसात आणि सहाव्या आठवड्यात. आईची तपासणी म्हणजे बीपी, अंगावरून किती जातंय, टाके, छाती, लघवी, पाय, मन. घरभेटीला आलेल्या किती जणांनी बाळंतिणीचे टाके बघितलेत? मी ज्या घरांत जाते तिथं मला तरी असं फारसं दिसलं नाही. पुरुषमाणसं दारात, खोलीला पडदा नाही. मग आशाताई तरी काय बघणार?

तिसरी तक्रार ही आमच्या रीतीमुळं होते, आणि ती तुमच्या एकाही तक्त्यात बसत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. नाव नोंदलेलं सासरच्या गावात, कार्ड सासरच्या उपकेंद्राचं, बाळंतपण तिसऱ्याच गावातल्या दवाखान्यात, आणि बाळंतीण माहेरी. सासरची आशा लिहिते, "माहेरी गेली." माहेरच्या आशेच्या यादीत ही पोर नाहीच. ती ओळखीखातर एकदा डोकावून जाते, पण त्या भेटीचे पैसे तिला मिळतील की नाही हे तिलाच माहीत नसतं. पहिलटकरणीला सगळ्यात जास्त सांगायची गरज, आणि नेमकी तीच दोन गावांच्या मधे पडते. माझी पोर अशीच पडली होती.

दुसऱ्या बाळंतपणाचं वेगळंच. ते बहुतेक सासरी होतं आणि सव्वा महिन्याची सूट तिथं सगळ्यांनाच मिळत नाही. दहाव्या दिवशी धार काढायला बसलेल्या, पंधराव्या दिवशी कडब्याच्या पेंढ्या उचलणाऱ्या पोरी मी बघितल्यात. दुसरीही मुलगी झाली तर लाडवाचा डबा लवकर संपतो, हेही बघितलंय. मग चाळिशीत याच बायका सांगतात, खोकलं की लघवी सुटते, अंग बाहेर येतं. लाजेनं दवाखान्यात जात नाहीत. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन खेड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ९२ बायकांना कुठलं ना कुठलं बायकांचं दुखणं निघालं होतं, आणि बहुतेकींची त्याआधी कधी तपासणीच झालेली नव्हती. आपल्या राज्याचं मातामृत्यूचं प्रमाण कमी आहे, २०१८-२० च्या पाहणीत लाखाला ३३. देशाचं ९७ होतं. याबद्दल तुमचं कौतुक आहेच. पण वाचलेली बाई कशी जगते, हे कुठल्या आकड्यात येतं?

आणि ऊसतोडीच्या बायका. हंगाम लागला की आमच्याकडं बीडकडून, जतकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल आधीच घेतलेली. बायको बसली तर अर्धा कोयता बंद. गेल्या हंगामात पाचटाच्या खोपीतल्या एका बाळंतिणीला मी तेल लावलं. बाळ बारा दिवसांचं असेल. तेल लावून झाल्यावर ती उठली, पोट धडप्यानं आवळून बांधलं आणि मोळ्या वाहायला गेली. बाळ मोठ्या पोरीजवळ. तिला छातीला दूध तटून गाठी आल्या होत्या, कारण दिवसभर पाजायला मिळत नव्हतं. तिच्याकडं कार्ड होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. आमच्या गावातलं कोणी ते बघायला गेलं नव्हतं. तिला कमी माहिती होती म्हणून ती उठली असं कोणी म्हणणार आहे का?

आता आमच्या रीतींबद्दल. यावर थोडं जास्त बोलते, कारण प्रबोधनाच्या नावाखाली सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं.

भाषणाला येणारी माणसं सरसकट सांगतात, जुन्या रूढी सोडा. सासू ते ऐकते आणि मनात म्हणते, आम्ही काय पोरी मारल्या होय? तिथं तिचे कान बंद होतात, आणि घरात चालतं ते तिचंच. म्हणून एकेक रीत वेगळी काढून बोला.

सव्वा महिना कामातून सुटका, ही रीत सोन्यासारखी आहे. ती मोडायला सांगू नका, उलट प्रत्येक सुनेला ती मिळते का बघा. गरम ताजं जेवण, तूप-मेतकूट-भात, डिंकाचे, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, यात वाईट काहीच नाही. तेलपाणी चांगलं, अंग मोकळं होतं, पोरीला झोप लागते. सिझेरियन असेल तर जखम भरेपर्यंत मी पोटाला हात लावत नाही.

पण पाणी तोडतात ना, ते वाईट. "पोट सुटंल, टाके ओले ऱ्हातील" म्हणून दिवसाला दोन-तीन भांडी पाणी देतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला जास्तच पाणी लागतं. पाणी कमी पडलं की शौचाला खडा धरतो, टाक्यांवर जोर येतो, लघवीला आग होते. पालेभाजी, डाळ, केळं बंद करतात, ते वाईट. रक्त कमी झालेल्या बाईला हेच तर हवं असतं. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवून दार-खिडकी बंद करतात, ते फार वाईट. निखाऱ्याचा वायू बंद खोलीत जीव घेऊ शकतो आणि त्याला वासही नसतो. शेक द्यायचा तर दार उघडं ठेवून, बाळ लांब ठेवून. पहिला पिवळा चीक पिळून टाकणं आता पुष्कळ कमी झालंय, पण "बाळाचं तोंड गोड" म्हणून मध चाटवणं आणि गुटी सुरूच आहे. वर्षाच्या आत मध द्यायचाच नाही आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नाही, हे आजीला प्रेमानं समजावलं तर ती ऐकते, हा माझा अनुभव आहे. "तुमचं चुकतं" असं म्हटलं तर ऐकत नाही.

माझ्याच कामातली एक गोष्ट सांगते. बाळंतपणानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकाच पायाची पोटरी सुजते, दुखते, गरम लागते. अशी पोटरी चोळायची नाही, बाईला तडक दवाखान्यात न्यायचं. चोळलं तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हे मला एका सिस्टरनं सहज बोलता बोलता सांगितलं. आमच्या भागात माझ्यासारख्या कितीतरी बायका पोटऱ्या चोळतात. "पाय दुखतोय" म्हटलं की अजून जोरानं चोळतात. त्यांना कोण सांगणार? दाईला शिकवत होतात, तेव्हा तिच्या हातात बाळंतपण होतं म्हणून शिकवलंत. आता आमच्या हातात बाळंतीण आहे.

गोळ्यांचं थोडक्यात. बाळंतपणानंतर सहा महिने, म्हणजे १८० दिवस रोज लोहाची गोळी आणि शिवाय कॅल्शियम, असा सरकारचाच नियम आहे. पोरी महिनाभर घेतात आणि सोडतात, कारण पोट कडक होतं, शौच काळी होते, आणि ती काळी होणारच हे कोणी सांगितलेलं नसतं. दोन्ही गोळ्या एकदम घेऊ नयेत, लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, हेही नाही.

पाळणा लांबवण्याचं बोलणंही असंच राहतं. पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, असं समजणाऱ्या पोरी अजून आहेत. जिच्या बाळाच्या बारशाला आपण जेवून आलो, ती पोर वर्षाच्या आत पुन्हा पोटुशी होऊन तपासणीला. कॉपर-टी आहे, अंतराचं इंजेक्शन आहे, दोन्ही मोफत आहेत. पण हा विषय सासूसमोर काढता येत नाही, आणि एकटीशी कोणी बोलत नाही.

मनाचं दुखणं तर कोणी दुखणं मानतच नाही. पहिल्या आठवड्यात रडू येतं, ते बहुतेकींचं दोन आठवड्यांत निवतं. पण काहींचं निवत नाही. बाळाकडं बघावंसं वाटत नाही, झोप लागत नाही, जीव नकोसा होतो. आपल्या देशात पाचातल्या एकीला बाळंतपणानंतर असं नैराश्य येतं असं डॉक्टर सांगतात. घरात म्हणतात, नजर लागली, नाहीतर लाड चाललेत. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तो तुम्ही कुठल्या बाळंतिणीच्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलाय का?

एवढं सगळं लिहिलं ते मागण्या करायच्या म्हणून. मागण्या अशा:

१. सरकारी असो की खाजगी, दवाखान्यातून सोडताना आईचं बीपी, अंगावरून जाणं, टाके आणि पाजणं बघून त्याची नोंद द्या. धोक्याची लक्षणं मराठीत, मोठ्या अक्षरात, चित्रांसह एका पानावर द्या. तासाभरात घडी पूर्ण भिजणं, घाण वास, ताप, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढं काजवे, झटका, धाप, एकाच पायाची सूज, छातीला लाल गाठ, बाळाला किंवा स्वतःला इजा करावीशी वाटणं. खाली १०८ आणि १४४१६. हे पान बाळंतिणीला आणि तिला सांभाळणाऱ्या बाईला, दोघींना वाचून दाखवा.

२. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बाळंतिणीचं बीपी घरी तपासलं गेलंच पाहिजे. आशाताईंना यंत्र आणि शिक्षण द्या, नाहीतर उपकेंद्राच्या सिस्टरना किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना त्या दोन दिवशी पाठवा. वाढीव कामाचा मोबदलाही द्या. २५० रुपयांत अजून एक काम ढकलू नका.

३. बाळंतीण जिथं आहे तिथल्या आशेकडं तिचं नाव आपोआप यावं. सासरच्या आशेनं माहेरच्या आशेला फोन करावा, भेट जी देईल तिला पैसे मिळावेत. कार्ड कुठल्याही गावचं असो, कोणी परत पाठवू नये.

४. गळीत हंगामात ऊसतोडीच्या प्रत्येक अड्ड्यावर दर पंधरवड्याला फेरी व्हावी. पोटुशी आणि ओल्या बाळंतिणींची यादी कारखान्याकडून घ्या. त्यांना तिथल्या अंगणवाडीतून आहार द्या, तो त्यांचा हक्क आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे आणि त्यात पाजणाऱ्या आईचे सहा महिने लिहिलेले आहेत.

५. बाळंतिणींना तेलपाणी करणाऱ्या बायकांची गावोगाव नावं घ्या आणि आम्हाला उपकेंद्रात बोलवून शिकवा. काय बघायचं, काय चोळायचं नाही, कधी पाठवायचं. आम्हाला पदवी नको, पगारही मागत नाही. शिकवा, आणि आम्ही पाठवलेल्या बाईला दवाखान्यात ताटकळत ठेवू नका. सासवांची, आयांची बैठक वेगळी घ्या, ती अंगणवाडीत दुपारी घ्या, सकाळी नको, सकाळी रान असतं.

६. पुन्हा प्रश्न विचारायला याल तेव्हा बाळंतिणीला एकटीला भेटा. "तुम्हाला काय माहीत आहे" याच्याबरोबर "तुम्हाला कोणी, कधी, काय सांगितलं" आणि "घरात तुम्हाला काय करता येतं" हेही विचारा. निष्कर्ष काढलात की आधी त्याच बायकांना वाचून दाखवा.

फलक रंगवायला माझा विरोध नाही. पण त्यासाठी ठेवलेल्या पैशांतून गावाला एक-एक बीपीचं यंत्र येत असेल, तर आधी यंत्र घ्या.

गावसमितीच्या सदस्यांना एक वेगळं सांगणं. समितीत बायका असतातच. बैठकीचं इतिवृत्त सहीसाठी घरी पाठवू नका, त्यांना बैठकीला बोलवा. आणि पुढच्या बैठकीची तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आठ दिवस आधी लिहा. मी येणार आहे, माझ्याबरोबर अजून काही जणी येणार आहेत. वरच्या सहा मागण्यांतल्या कुठल्या जमतील, कुठल्या जमणार नाहीत आणि का, हे आम्हाला लेखी द्या, आणि ते उत्तर ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा.

आपली,
बाळंतिणींना न्हाऊ घालणारी एक बाई
कराड तालुका, जिल्हा सातारा